भाड्याच्या घरात नळ गळतोय? बिल कुणी भरायचं यावर भांडण्याआधी या चुका टाळा

नळ गळायला लागला की घरमालक म्हणतो, 'वापरता तुम्ही'. भाडेकरू म्हणतो, 'घर तुमचं'. दोघांचंही अर्धंच खरं. खर्च कुणाचा हे ठरतं बिघाडाच्या कारणावरून, आणि नेमकं तेच शोधायचं राहून जातं.

साधारण रीत अशी: भिंतीतले पाइप, मुख्य लाइन, वरची टाकी, वयानं गंजलेले सांधे मालकाकडे. निष्काळजीपणानं तुटलेलं किंवा तुंबवलेलं भाडेकरूकडे. अडतं ते मधल्या गोष्टींवर, म्हणजे वॉशर, फ्लशचा फ्लोट, बेसिनखालचा पाइप. बहुतेक करारांत 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' एवढं एकच वाक्य असतं. किरकोळ म्हणजे किती रकमेपर्यंत, हे सही करण्याआधी लिहून घ्या. करारात काहीच नसेल तर तिथला भाडेकायदा पाहावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी मालकाची काही कर्तव्यं कराराच्या कलमानंही टळत नाहीत.

चोकअपच्या बाबतीत घाई नडते. एकच बेसिन तुंबलं असेल तर जाळीत केस किंवा तेलकट गाळ अडकला असण्याची शक्यता जास्त. ते वापरणाऱ्यानं साफ करावं. पण बेसिन, मोरी आणि संडास एकाच वेळी तुंबले, किंवा फ्लश केल्यावर मोरीतून पाणी वर आलं, तर दोष मुख्य ड्रेनेज लाइनमध्ये आहे. अशा वेळी अ‍ॅसिड किंवा पाइप मोकळा करणारी पावडर ओतत बसू नका. जुना पाइप त्यानं खराब होऊ शकतो, नंतर पाइप खोलणाऱ्या प्लंबरच्या अंगावर ते उडू शकतं, आणि मालकाला 'तुम्हीच बिघडवलंत' म्हणायला आयतं कारण मिळतं.

पाण्याचं बिल अचानक वाढलं तर लगेच मालकावर जाऊ नका. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा सरकला असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे. मग फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीतला वॉल्व्ह गळतोय.

भाडेकरूला सगळ्यात महाग पडते ती उशिरा कळवण्याची सवय. भिंतीवरचा ओलावा महिनाभर बघत बसलात, तर पाइप मालकाचा असूनही वाढलेल्या नुकसानीचा वाटा तुमच्या गळ्यात येऊ शकतो. नुसता फोन पुरत नाही. फोटोसह मेसेज पाठवा, तारीख आपोआप राहते.

पाइप फुटला तर मुख्य वॉल्व्ह बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. (तो कुठे आहे हे मात्र आधीच बघून ठेवा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.) गळती थांबवण्यापुरतं काम लगेच करून घ्या, नवीन फिटिंग मात्र मालकाला विचारूनच. प्लंबरकडून बिलावर बिघाडाचं कारण लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग टाकून देऊ नका. न विचारता भाड्यातून पैसे कापणं तर टाळाच. कायद्यानं मुभा असली तरी बहुधा आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

मालकांनीही एक ध्यानात घ्यावं: वर्षानुवर्षं वापरून झिजलेला वॉशर ही भाडेकरूची हलगर्जी नव्हे, आणि डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापणं योग्य नाही.