रुई लावा, प्लेन टायगर येईल: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांसाठी

नारिंगी पंख, काळी किनार आणि पंखाच्या टोकाशी पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू दिसलं की त्याचा फोटो ‘मोनार्क’ म्हणून ग्रुपवर फिरू लागतो. मोनार्क आपल्याकडे सापडत नाही. तो प्रामुख्याने अमेरिका खंडातला. उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत तो मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जातो आणि तिथे सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांवर थंडी काढतो. आपण पाहतो तो त्याचा जवळचा नातेवाईक, प्लेन टायगर. दोघांच्या अळ्या एकाच गटातल्या चीक असलेल्या झाडांवर वाढतात. अमेरिकेत शेतांतल्या तणनाशकांनी हे खाद्य संपत गेलं आणि मोनार्क घटण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. आपल्याकडे रुई अजून रेल्वेमार्गाच्या कडेला आणि मोकळ्या प्लॉटवर उभी आहे, पण ‘रान माजलंय’ म्हणून सगळ्यात आधी कोयता तिच्यावरच चालतो.

म्हणून फुलझाडांच्या आधी अळीच्या झाडाचा विचार करा. मध कितीतरी फुलांत मिळतो. अंडी मात्र मादी ठरावीक झाडावरच घालते, जसं रुई किंवा हळदीकुंकू हे लाल-पिवळ्या फुलांचं, चीक असलेलं बागेतलं झुडूप.

रुई की हळदीकुंकू?

जमीन असेल तर रुईच लावा. तिचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे छोट्या कुंडीत ती खुरटते. गच्चीवर लावायची तर किमान दीड फूट खोल ड्रम हवा आणि त्याच्या तळाला पाच-सहा भोकं हवीत. आपल्या पावसात रुई मरते ती पाणी कमी पडून नव्हे, मुळं कुजून. कंपाउंडच्या भिंतीलगत, पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा निवडा. बोंडं फुटली की कापसासकट बी गोळा करा. कापूस काढून टाका आणि बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. फांदीवरून करायची तर पेन्सिलीच्या जाडीचा वीतभर तुकडा कापा, चीक सुकेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवा आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. ओल्या कापावर लगेच लावलेली फांदी बहुतेक वेळा सडते.

बाल्कनीसाठी हळदीकुंकू बरं. दहा-बारा इंची कुंडी घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण भरा. रोज पाच तास तरी ऊन हवं. बी एक-दोन आठवड्यांत उगवतं आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटून पानं वाढतात. हे झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं आहे. ते इथल्या रानात पसरू नये म्हणून शेंगा उकलायच्या आत तोडून टाका. येऊर, घोडबंदर, खारघर टेकडी अशा जंगलाला लागून राहणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावं. बी वाऱ्यावर दूर जातं.

बाल्कनीला कबुतरांची जाळी असेल तर एक गोष्ट आधी तपासा. प्लेन टायगरचा पंखविस्तार सात-आठ सेंटीमीटर असतो. जाळीच्या छोट्या चौकोनातून तो सहजी आत येत नाही. जाळीची एक बाजू दिवसा उघडी ठेवता येत नसेल तर कुंड्या खाली सोसायटीच्या बागेत ठेवलेल्या चांगल्या. तसंही हे फुलपाखरू जमिनीलगत उडतं, त्यामुळे खालच्या मजल्यांवर ते लवकर येतं. पंधराव्या मजल्यावर वाट पाहावी लागेल.

किती झाडं?

इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. एकच कुंडी ठेवली की मादी तिच्यावर दहा अंडी घालून जाते, आठवड्याभरात पानं संपतात आणि अर्धवट वाढलेल्या अळ्या भिंतीवरून फिरू लागतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत अळी जवळजवळ सगळं खाणं उरकते. हळदीकुंकवाचं एक मध्यम रोप फार तर दोन अळ्यांना पुरतं. सहा कुंड्या ठेवा, त्यातल्या दोन बारीक मच्छरदाणीच्या कापडाखाली राखीव. पानं संपली की अळ्या त्या रोपांवर हलवा. हलवताना अळीला बोटांनी धरू नका, ती बसलेली काडीच कापून नव्या रोपावर टेकवा. जास्वंद किंवा तुळस समोर धरली तरी ती खाणार नाही, उपाशी मरेल.

खाऊन उघडं पडलेलं झाड वाया गेलेलं नाही. अळ्या गेल्यावर हळदीकुंकू मुळापासून वीतभर ठेवून छाटा आणि मूठभर खत द्या, काही आठवड्यांत ते पुन्हा भरतं. नत्राचं खत जास्त झालं की शेंडे कोवळे लुसलुशीत होतात आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) हमखास येतो.

अंड्यापासून कोशापर्यंत

अंडं साधारण मिलिमीटरभर, पांढुरकं, उभ्या रेघांचं असतं आणि बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकटंच चिकटवलेलं असतं. शनिवारी मारुतीला वाहण्यासाठी रुईची पानं तोडताना पान उलटं करून पाहा. अंडं असेल तर ते पान राहू द्या.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी स्वतःचं कवच खाते. मग तिचं काम भिंगातून बघण्यासारखं असतं. पानावर ती गोल चर खणते, चीक त्या चरातून गळून जातो आणि मग ती आतला भाग खाते. मोठी अळी पानाची मधली शीर किंवा देठ कुरतडते. पान लटकतं, चिकाचा दाब उतरतो आणि मग तिचं जेवण सुरू होतं. तेव्हा देठातून मोडलेलं पान दिसलं तर रोग समजून तोडू नका, खाली अळी असेल. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. मोनार्कच्या अळीला दोनच.

दोनेक आठवड्यांनी ती कोशासाठी जागा शोधते. कुंडीची कड, ग्रिल, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, काहीही चालतं. कोश हिरवा किंवा गुलाबीसर असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तो काळपट होतो आणि आतले नारिंगी पंख दिसतात. बाहेर आल्यावर पंख खाली लोंबकळायला दहा सेंटीमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर पंख चुरगळलेलेच सुकतात. खाली पडलेलं फुलपाखरू काडीवर चढवून उभं टांगा आणि दोन-तीन तास हात लावू नका.

प्लास्टिकच्या डब्यात अळ्या पाळू नका. विष्ठा आणि दमट हवा मिळून बुरशी धरते, पावसाळ्यात तर दोन दिवसांत. अळी काळी, लिबलिबीत होऊन लोंबकळली तर ती फांदीसकट पिशवीत बांधून टाका आणि हात साबणाने धुवा. कोशातून पांढरे धागे लोंबताना दिसले तर आत परजीवी माशीच्या अळ्या होत्या. ही माशी याच साखळीतली आहे, तिच्यासाठी औषध नको.

औषध, धूर आणि चीक

देठांवर पिवळा मावा येणारच. पाण्याची धार मारा किंवा बोटाने पुसा, मात्र आधी अंडी-अळ्या कुठे आहेत ते पाहून. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी अळी मारतं. साबणाचं पाणीही. नर्सरीतून आणलेल्या रोपात मुळावाटे शोषलेलं कीटकनाशक महिनोन्‌महिने राहू शकतं. अंडी दिसतात, अळ्या बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या सापडतात, याचं हे नेहमीचं कारण. म्हणून बियांपासून वाढवलेली रोपंच खात्रीची.

पावसाळ्यात डासांसाठी धुरीकरण होतं. त्याची वेळ वॉचमनकडून किंवा सोसायटीच्या ग्रुपवरून आधी समजून घ्या, कुंड्या खिडक्या बंद केलेल्या खोलीत न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढा. पेस्ट कंट्रोलवाल्यांनाही या कोपऱ्यात फवारू नका असं आधीच सांगा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. आपल्याच ताटलीत डास झाले तर धूर मागायची वेळ आपणच आणतो.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला. गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलं आणि पाळीव प्राणी पानं चघळणार नाहीत याची काळजी घ्या.

मोठ्या फुलपाखरांसाठी

लॉनच्या कडेची एकदांडी माळ्याला उपटू देऊ नका, मधासाठी ती उत्तम. खुळखुळ्याचं एखादं झाड लावा. त्याच्या वाळक्या काड्यांवर आणि शेंगांवर नर जमतात, तिथून मिळणारी द्रव्यं ते मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला वापरतात. कण्हेर असेल तर कॉमन क्रो फुलपाखरूही अंडी घालेल.

फोटो काढताना मागचा पंख नीट येऊ द्या. नराला त्यावर चार काळे ठिपके असतात, मादीला तीन. एकच ठिपका दिसला तर ती बहुधा प्लेन टायगर नाहीच, त्याचं सोंग घेतलेली डॅनेड एगफ्लायची मादी आहे. तिच्या अळ्या घोळीवर वाढतात, तेव्हा कुंडीत आपोआप उगवलेली घोळ सगळीच भाजीला काढू नका.