चोवीस तासांचं काम धरताना: गावाकडच्या घराशी नातं कसं सांभाळावं

मुंबई-पुण्यात मालकांच्या घरी राहून चोवीस तासांचं काम धरताना पगार आधी ठरतो. सुट्टी आणि फोन मात्र ‘बघू नंतर’वर राहतात. पुढची ओढाताण तिथूनच सुरू होते. म्हणून हो म्हणायच्या आधी विचारून घ्या: महिन्याला सुट्ट्या किती? साठवून गावी जाताना एकदम घेता येतील का? त्या दिवसांचा पगार कापणार का?

ठरलं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा: “मॅडम, आपलं ठरलं त्याप्रमाणे महिन्याला दोन सुट्ट्या, साठवून घेता येतील. पगार 5 तारखेला माझ्या खात्यात. रात्री साडेआठ ते नऊ घरी फोन.” समोरून “हो” आलं की बोलणं पक्कं. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. आधारची झेरॉक्स द्या; मूळ कार्ड मालकांकडेही ठेवू नका आणि काम मिळवून देणाऱ्या एजन्सीकडेही. उचल टाळता येईल तेवढी टाळा, कारण ती फिटेपर्यंत सुट्टी मागायला तोंड उघडत नाही.

फोनची वेळ रोज तीच हवी. उशिरा केला तर गावी ठेवलेलं मूल झोपलेलं असतं, किंवा वाट बघून रडून झालेलं असतं. आधी मुलाशी बोला, मग मोठ्यांशी. उलटं केलं की किराणा, औषधं, शेजाऱ्यांची भांडणं यातच अर्धा तास जातो आणि मुलाच्या वाट्याला “जेवलास का?” एवढंच येतं. पैशाचं बोलणं आठवड्यातून एकदाच, मूल जवळ नसताना. वहीच्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरूनच विचारा: “हे तिसरं गणित कुणी शिकवलं?” अशा प्रश्नावर मूल बोलतं सुटतं. शाळेत आजीच्या नंबरासोबत तुमचाही नंबर नोंदवा आणि वर्गाच्या ग्रुपवर घ्यायला सांगा. “पुढच्या आठवड्यात येते” असं कधीच म्हणू नका. सुट्टी पक्की झाल्यावरच तारीख सांगा आणि घरातल्या कालनिर्णयवर मुलाच्या हातूनच तिला गोल करून घ्या.

पगार स्वतःच्या खात्यात घ्या. समजा 15,000 असेल: 9,000 घरी, 2,000 पोस्टाच्या आरडीत (दर महिन्याला ठरावीक रक्कम साठवायचं खातं), 1,000 प्रवासासाठी बाजूला, उरलेले 3,000 रिचार्ज, औषध आणि अडीअडचणीला. आरडी महिना 100 रुपयांपासूनही सुरू होते. घरचे पैसे मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसाच्या खात्यात टाका, मग ती सासू असो, आई असो की जाऊ.

आजी अंगठा लावून पैसे काढत असेल तर एक गोष्ट तिला पक्की समजावा. राबलेल्या हातांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. हात धुऊन, कोरडा करून दुसरं बोट लावायचं. “उठला नाही, परत लाव” असं कुणी म्हटलं तर आधीच्या व्यवहाराची पावती मागायची. दोनदा अंगठा लावून एकदाच पैसे हातात देण्याची फसवणूक अशीच होते. बँकेचा मेसेज घरातल्याच कुणाच्या फोनवर येईल असा नंबर खात्याला जोडा.

तुम्ही शहरात नवं खातं काढून ते सरकारी अनुदानासाठी आधारला जोडलं, तर योजनांचे पैसे जुन्या खात्याऐवजी नव्यात येऊ लागतात. घरचे जुन्या खात्यावर अवलंबून असतील तर आधी हे पाहा.

गणपती-दिवाळीत मालकांकडे पाहुणे असतात आणि तुम्हालाही तेव्हाच घरी जायचं असतं. हा तिढा दोन महिने आधीच सोडवा. दिवाळीचे पहिले दिवस काम करून भाऊबीजेला निघायचं, हे बहुतेक घरांत मान्य होतं. बदली बाई तुम्हीच सुचवली तर नकार द्यायला कारण उरत नाही. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे; तरी सणाचं आरक्षण लवकर करा, जाताना परतीचंही.

गावी गेलात की पहिला दिवस मुलासाठी मोकळा ठेवा. कागदपत्रं दुसऱ्या दिवशी: शाळेत बाईंची भेट, पासबुक भरून घेणं, रेशन कार्डाची ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणं. ही ई-केवायसी प्रत्येक सदस्याची स्वतंत्र लागते. रजा मिळत नसेल तर शहरातल्या जवळच्या रेशन दुकानातही अंगठा लावून ती करता येते.