काजूच्या बागेत जाताय? आधी गोचिडीचा बंदोबस्त

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडतापाचे रुग्ण सापडले. या तापाचा हंगाम नेमका बोंडू (काजूची फळं) गोळा करायच्या दिवसांतच येतो. नावात माकड असलं तरी रोग लागतो तो गोचीड चावल्याने. माणसाकडून माणसाला नाही. पालापाचोळ्यातली गोचिडीची पिल्लं तिळाएवढीही नसतात, चटकन दिसतच नाहीत. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा मोज्यात खोचलेला (दिसतं विचित्र, पण खोचाच). घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघा. नंतरच्या आठवडाभरात अचानक सणकून ताप, डोकं-अंग ठणकणं सुरू झालं, तर डॉक्टरांना बागेत गेल्याचं आधी सांगा. मेलेलं माकड दिसल्यास हात न लावता वनखात्याला कळवा.