तारीख आधी, ट्रेलर नंतर

२००९ च्या उन्हाळ्यात मी वहीत शाईने लिहून ठेवलं होतं : ‘शटर आयलंड’, २ ऑक्टोबर. दिग्दर्शक स्कोर्सेसी, नट डिकॅप्रिओ आणि वर ऑक्टोबर महिना, म्हणजे ऑस्करचा हंगाम. आणखी काय हवं? मेहुण्याशी ऑस्करची पैज लावली आणि दोन आठवड्यांत बातमी आली की सिनेमा १९ फेब्रुवारी २०१० ला ढकलला. त्या वर्षी प्रचारावर पैसा ओतणं परवडत नाही, असं स्टुडिओचं म्हणणं. फेब्रुवारीत पहिल्या तीन दिवसांत त्याने अमेरिकेत ४ कोटी १० लाख डॉलर कमावले. ऑस्करची नामांकनं? शून्य. तेव्हापासून वहीत सिनेमाच्या नावाआधी तारीख लिहितो, तीही पेन्सिलीने.

प्रदर्शनाच्या तारखेवरून ऑस्करचा आणि गल्ल्याचा अंदाज कसा बांधायचा, ते सांगतो.

पहिल्यांदा वर्ष तपासायचं. ऑस्करचं वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. त्या काळात सिनेमा अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगर परिसरांपैकी (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, डॅलस, अटलांटा) निदान एका ठिकाणी सलग सात दिवस तिकीट लावून चालला पाहिजे. रोज तीन खेळ, त्यातला एक संध्याकाळी ६ ते १० च्या दरम्यान सुरू होणारा. पूर्वी ही अट फक्त लॉस एंजेलिसपुरती होती, आणि त्यातून एक गंमत घडली. चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ १९५२ चा, पण लॉस एंजेलिसला लागला थेट १९७२ मध्ये. म्हणून त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं १९७३ साली! वीस वर्षांचा उशीर, पण नियमात चोख बसलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे थिएटरांचा आकडा, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ‘२५ डिसेंबरला प्रदर्शित’ एवढं वाचून थांबू नका, किती ठिकाणी ते बघा. ‘अमेरिकन स्नायपर’ २५ डिसेंबर २०१४ ला लागला तो फक्त चार थिएटरांत. त्या चारांत पहिल्या शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत सुमारे ६ लाख ३३ हजार डॉलर जमले. भागाकार करा : एका थिएटरला दीड लाखाच्या वर. हा ‘दर थिएटर सरासरी’चा आकडा मी वहीत लाल पेनाने लिहितो. सिनेमा तीन आठवडे असाच मोजक्या ठिकाणी ठेवला, १५ जानेवारीला नामांकनं आली आणि १६ जानेवारीला तो देशभर पसरला. शेवटी एकट्या अमेरिकेत आणि कॅनडात ३५ कोटी डॉलर. नामांकनांच्या दुसऱ्याच दिवशी देशभर, हा योगायोग म्हणायचा का? डिसेंबरची तारीख पुरस्कारासाठी होती, जानेवारीची गल्ल्यासाठी.

मात्र सरासरी मोठी म्हणजे सिनेमा मोठा, असं नाही. २०१६ मध्ये ‘मूनलाइट’ ऑक्टोबरात चार थिएटरांत लागला, सरासरी एक लाखाच्या थोडी वर. ‘ला ला लँड’ डिसेंबरात पाच थिएटरांत, सरासरी पावणेदोन लाखांच्या आसपास. पुढे अमेरिकेत एकाने पावणेतीन कोटींच्या आसपास मिळवले, दुसऱ्याने १५ कोटी. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘मूनलाइट’, व्यासपीठावर पाकीट बदलल्याने आधी ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं तरी. मेहुणा ती पैज अजून मान्य करत नाही; म्हणतो, आधी माझ्याच सिनेमाचं नाव पुकारलं. तेव्हा लाल आकडा वाचायचा तो एवढ्यापुरताच : मोठ्या शहरांतला चोखंदळ प्रेक्षक रांग लावतोय का? लावत असेल तर सिनेमा पसरवायला वितरकाला धीर येतो. नसेल, तर डिसेंबरात चार थिएटरांत लागलेला सिनेमा जानेवारीत चाळीसवरच अडकतो.

एक आठवडा दाखवून गुपचूप काढून घेतात, तो प्रकार वेगळा. ‘स्टिल ॲलिस’ डिसेंबर २०१४ मध्ये असाच आठवडाभर लावला आणि खरा प्रदर्शित केला जानेवारीत. ज्युलियन मूरला ऑस्कर मिळालं. अभिनेत्यांच्या विभागांसाठी ही युक्ती आजही चालते. पण २०२४ च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी जादा अट आली : पहिल्या आठवड्यानंतर ४५ दिवसांच्या आत अमेरिकेतल्या ५० मोठ्या बाजारपेठांपैकी १० ठिकाणी आणखी सात दिवस. (वर्षअखेरीच्या सिनेमांना थोडी सवलत आहे.) म्हणून वितरकाने फक्त एका शहराचं नाव जाहीर केलं असेल तर मी त्या सिनेमापुढे ‘अभिनय’ लिहितो, ‘चित्रपट’ नाही.

तिसरं, तारीख सरकली की कोणत्या बाजूला ते बघायचं. डिसेंबरातून पुढच्या वर्षात गेली की बहुतेक लोक ‘सिनेमा पडेल’ म्हणून मोकळे होतात. घाई करू नका. ‘द ग्रेट गॅट्सबी’ २५ डिसेंबर २०१२ वरून १० मे २०१३ ला गेला, आणि वेशभूषा व कलादिग्दर्शनाची दोन ऑस्कर घेऊन आला. उलट दिशेचं उदाहरण ‘टायटॅनिक’. जुलै १९९७ ची तारीख हुकली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला आधीच बुडवला होता. तो आला १९ डिसेंबरला, पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावरून हलला नाही आणि मार्चमध्ये ११ ऑस्कर घेऊन गेला. गर्दीच्या जुलैत त्याला एवढी मोकळी मैदानं मिळाली नसती, असं मला वाटतं.

सरकण्याचं कारणही शोधा. ‘ड्यून’चा दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ वरून मार्च २०२४ ला गेला तो नटांच्या संपामुळे, संपात कलाकारांना प्रचार करता येत नव्हता. पैशाच्या बाबतीत काही बिघडलं नाही, जगभरात ७१ कोटी डॉलर झाले. पण पहिल्या भागाला दहा नामांकनं आणि सहा ऑस्कर होती, दुसऱ्याला पाच आणि दोन. फरक सगळा तारखेचा, असं मी म्हणणार नाही. तरी मार्चचा सिनेमा पुढच्या जानेवारीपर्यंत मतदारांच्या डोक्यात जिवंत ठेवणं हे काम खर्चाचं आणि कटकटीचं असतं.

वर्षाच्या सुरुवातीचे सिनेमे मी तरीही खोडत नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ १४ फेब्रुवारी १९९१ ला आला आणि तेरा महिन्यांनी पाचही मोठी ऑस्कर (चित्रपट, दिग्दर्शन, नायक, नायिका, पटकथा) घेऊन गेला. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ मार्च २०२२ चा. मोजक्या थिएटरांतून हळूहळू पसरला, महिनोन्‌महिने चालला आणि नामांकनं आल्यावर पुन्हा थिएटरांत आणला. अशा सिनेमांसाठी माझी खूण एकच : वर्षअखेरीला त्याच्यावर पुन्हा पैसा खर्च होतोय का? ‘द हर्ट लॉकर’ जून २००९ मध्ये लागला होता, डीव्हीडी काढली जानेवारी २०१० मध्ये, नामांकनांच्या तोंडावर. अमेरिकेतली कमाई जेमतेम १ कोटी ७० लाख, समोर ‘अवतार’, आणि तरी जिंकला.

महोत्सवांचं थोडक्यात : ऑगस्टअखेरीला व्हेनिस, लगेच टेल्युराइड, मग टोरंटो. इथे झळकलेला सिनेमा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावला तर वितरकाला त्यावर भरवसा आहे. फ्रान्समधला कान महोत्सव मे महिन्यात असतो, त्यामुळे तिथून ऑक्टोबरपर्यंत दम टिकवावा लागतो. ‘पॅरासाइट’ने तो टिकवला. अमेरिकेत ११ ऑक्टोबर २०१९ ला लागला, ऑस्करच्या रात्रीपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास होता, त्यानंतर पाच कोटींच्या पुढे गेला.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी मात्र वेगळं पान ठेवा, तिथलं वर्ष डिसेंबरात संपत नाही. २०२४ साली शेवटचा दिवस होता ३० सप्टेंबर, आणि तोवर सिनेमा थिएटरात लागलेला असायला हवा होता. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ म्हणूनच त्या सप्टेंबरात आधी फक्त केरळमध्ये लागला आणि देशभर आला नोव्हेंबरात. भारताच्या निवड समितीने शेवटी ‘लापता लेडीज’ पाठवला. मेहुण्याने त्याच्यावर पैज लावली होती, मी केरळच्या तारखेवर. त्या पानावरची माझी पेन्सिल अजून खोडलेली नाही.