जुन्या जपानी बाईकच्या इंजिन कव्हरचे स्क्रू खाच न बिघडवता काढायचे असतील तर

हे स्क्रू दिसतात साध्या फिलिप्ससारखे (अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले), पण असतात जेआयएस म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे. फिलिप्स ड्रायव्हरने जोर लावला की तो खाचेतून वर सरकतो आणि खाच गुळगुळीत होऊन बसते. मग ड्रिल मशीन आणि डोकेदुखी.

१. खाचेतली माती नि वाळलेलं ग्रीस टोकदार खिळ्याने कोरून काढा. कंटाळवाणं आहे, पण ड्रायव्हर तळापर्यंत बसला नाही तर पुढचं सगळं फुकट.
२. पेनिट्रेटिंग ऑइलचे (अडकलेल्या आट्यांत झिरपणारं पातळ तेल) दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा.
३. जेआयएस ड्रायव्हर सरळ धरून मागून हातोडीचे दोनतीन ठोके द्या, मग फिरवा. बरेच स्क्रू इथेच सुटतात.
४. नाहीच हलला तर हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे मागून ठोकला की टोक फिरवणारा. दिशा सोडवायच्या बाजूला आहे ना, ते आधी बघा.

स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी खोचत जा.

बसवताना मात्र इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरू नका. इंजिनची केस ॲल्युमिनियमची, आटे लगेच जातात.