ॲलन की: घेताना आणि ठेवताना

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या जिन्याखाली एक व्हाइस, छोटा ग्राइंडर आणि ॲलन कीचा लाकडी ठोकळा आहे. ॲलन की म्हणजे बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत बसणारी, काटकोनात वाकवलेली सहाकोनी चावी. माझं वर्कशॉप ते एवढंच. सातपूरला टूलरूममध्ये 29 वर्षं काढली. बाकी हत्यारांत एकवेळ तडजोड करीन, ॲलन कीमध्ये नाही. साध्या बोल्टचं डोकं बाहेरून तरी पकडता येतं. आत बुडालेल्या ॲलन बोल्टची खाच गोल झाली की धरायला काही उरत नाही.

मागच्या दिवाळीत नातवाच्या सायकलच्या सीटचा बोल्ट माझ्याच हातून गेला. खाच 5 मिमीची. घाईत हाती आली 3/16 इंची, म्हणजे 4.76 मिमी. बसली, पण आत किंचित हलत होती. तरी जोर लावला आणि सहाही कोपरे घासले गेले. शेवटी ड्रिल मारून बोल्ट काढला. तेव्हापासून इंची सेट वेगळ्या पत्र्याच्या डब्यात असतो आणि त्याच्या प्रत्येक कीवर सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे.

घरासाठी मिमीचा 1.5 पासून 10 पर्यंतचा सेट पुरे. सगळ्यात जास्त लागतात 4, 5 आणि 6. एम5 च्या (म्हणजे 5 मिमी जाडीच्या) कॅप बोल्टला, ज्याचं डोकं उभं गोल असतं, 4 ची, एम6 ला 5 ची, एम8 ला 6 ची. बोल्ट घुमटी डोक्याचा असेल तर एक नंबर खाली या. एम6 ला 4 ची लागते. एम6 च्या ग्रब स्क्रूला, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूला, तर 3 चीच.

दुकानात जाताना खिशात एक नवा एम6 चा बोल्ट ठेवा. 5 ची की त्यात घालून हलवून बघा. खुळखुळली तर सेट परत द्या. टोक सपाट कापलेलं आणि कडा बोटाला लागतील इतक्या स्पष्ट हव्यात. पोलाद क्रोम व्हॅनेडियम किंवा एस2 या हत्यारी जातीचं. टपारियाचा कारखाना आपल्या सातपूरलाच आहे. माझा रोजचा सेट त्यांचा. गोळीच्या टोकाची की अडचणीच्या जागी तिरकी चालते, पण शेवटचा आवळा नेहमी सपाट टोकानेच द्या. गोळीची मान बारीक असते, ती तुटून खाचेतच अडकते.

ठोकळ्यासाठी सागाचा तुकडा घेतला. भोक पाडताना की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा: 5 ची की तशी 5.77 भरते, म्हणून 6 चं भोक. 8 ची 9.24, तिला 10 चं. खोली 40 मिमी. लांब दांडा आत, आखूड वर, आणि भोकाशेजारी नंबर. एक भोक रिकामं दिसलं की की कुठेतरी मशीनवर राहिली, हे लगेच कळतं. रबर बँडने गठ्ठा बांधू नका. पावसाळ्यात रबर चिकटतं आणि त्याखाली गंज धरतो. जूनच्या आधी मी सगळ्या की शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसतो. हाताच्या घामाचे डागसुद्धा पुसून जातात.

टोक गोलावलं तर की फेकू नका. ग्राइंडरवर दोनतीन मिलिमीटर सरळ घासा, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळी पडली तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. तो भाग पुन्हा घासून टाका.