शांत रस्त्यांवरची लांब सायकलफेरी: मार्ग कसा आखायचा

नकाशावर बारीक रेघेने दाखवलेला प्रत्येक रस्ता शांत असतोच असं नाही. दोन गावांना जोडणारा तो एकच रस्ता असेल, तर तो कितीही अरुंद असो, त्या गावांमधली सगळी रहदारी त्यावरूनच जाणार. ज्या रस्त्याला चार-पाच किलोमीटरवर समांतर मोठा, वेगवान रस्ता आहे, तो मात्र बहुधा मोकळा मिळतो, कारण घाईची वाहनं मोठ्या रस्त्याने निघून जातात. म्हणून नकाशा उघडल्यावर आधी मोठे रस्ते शोधा आणि मग त्यांच्या बाजूने वळणं घेत जाणारे जुने रस्ते बघा.

यानंतर पूल, रेल्वे फाटकं आणि खिंडी बघा. नदीच्या दोन्ही काठांवर दहा शांत रस्ते असले तरी पूल एकच असेल, तर ट्रकही तिथेच येणार आणि तुम्हीही. मार्ग या जागांपासून आखायला घ्या: आधी नदी कुठे ओलांडायची ते ठरवा, मग उरलेले तुकडे जोडा. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर सिग्नल किंवा भुयारी मार्ग असलेली जागा निवडा, त्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. उपग्रह-चित्रात रस्त्याच्या टोकाला खाण, खडी-केंद्र किंवा गोदामं दिसली, तर कामाच्या दिवशी तिथे डंपर असतील हे धरून चाला. सुट्टीच्या दिवशी तोच रस्ता मोकळा असू शकतो, आणि तलावाकडे जाणारा एरवी ओस पडलेला रस्ता गाड्यांनी भरलेला. आराखडा वारासकट करा.

रेघ ओढताना

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी साधनं, म्हणजे कमूट किंवा राइड विथ जीपीएस, सायकलसाठी मार्ग सुचवतात. नुसता ‘सायकल’ हा पर्याय निवडून दिलेली रेघ तशीच घेऊ नका. रस्ता डांबरी आहे की मातीचा, ही माहिती नकाशात कुणीतरी भरलेली असावी लागते. ती नसेल तर साधन अंदाज बांधतं, आणि तुम्ही खडीच्या पायवाटेवर सायकल ढकलत बसता. सायकलओएसएम या नकाशात रस्त्याच्या पृष्ठभागाची नोंद असेल तिथे ती दिसते. नोंद नसलेला प्रत्येक तुकडा उपग्रह-चित्रात किंवा रस्त्यावरच्या फोटोंत तपासा. स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, उपयोगी आहे, पण त्यातली ठळक रेघ फक्त एवढंच सांगते की तिथून सायकली जातात. वेगाचा सराव करणारे स्वार रुंद, वर्दळीचे रस्तेही निवडतात, तेव्हा त्यावरून शांततेचा निष्कर्ष काढू नका.

मार्ग ओढून वळवताना बिंदू चौकात टाकू नका, रस्त्याच्या मधल्या भागावर टाका. चौकातला बिंदू जरासा बाजूच्या गल्लीत किंवा दुभाजकापलीकडे पडला, की साधन तुम्हाला तिथे नेऊन परत आणतं. असे शेपटासारखे फुटलेले तुकडे काढण्यासाठी पूर्ण रेघ एकदा जवळून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवत बघा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. चुकलेली वळणं बहुतेक इथेच सापडतात.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

नवख्याने लहान रस्त्यांवर सपाटीचा वेग ताशी १५ ते १६ किलोमीटर धरावा. त्यात प्रत्येक १०० मीटर चढाईमागे ६ ते ८ मिनिटं आणि दर तासाला थांबण्याची १० मिनिटं मिळवा. ५० किलोमीटर अंतर आणि ५०० मीटर चढाई असेल, तर सायकलवरचे सुमारे पावणेचार तास आणि थांब्यांचा पाऊण तास, म्हणजे जवळजवळ साडेचार तास. परतीची वेळ सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी येईल असं निघा. आतापर्यंतची सर्वांत लांब फेरी ३० किलोमीटरची असेल, तर पुढची ४० ची ठेवा, ६० ची नको.

चढाचा सरासरी आकडा फसवा असतो. ३ किलोमीटरवर सरासरी ४ टक्के चढ असेल, तर त्यात ४०० मीटरचा १० टक्क्यांचा तुकडा आणि बाकी जेमतेम ३ टक्के असंही असू शकतं. दम काढतो तो हा तुकडा. म्हणून उंचीच्या आलेखावर बोट फिरवत सर्वांत तीव्र भाग शोधा. ८ टक्क्यांच्या वर तुमचा सर्वांत हलका गिअर पुरतो का ते बघा. पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दाते सारखे असतील, तर मिनिटाला पॅडलच्या ६० फेऱ्या मारून वेग ताशी साडेसातच्या आसपास राहतो. याहून जड गिअर असेल तर असा चढ पहिल्या मार्गातून वगळा. आलेखात पुलावर किंवा बोगद्यावर अचानक सुळका किंवा खड्डा दिसला तर घाबरू नका: उंचीची आकडेवारी जमिनीची असते, रस्त्याची नव्हे.

वाऱ्याची दिशा आदल्या संध्याकाळी बघा. ताशी १८ ने जाताना समोरून १५ चा वारा असेल, तर तोच वेग टिकवताना हवेचा रोध तिपटीहून जास्त होतो. पाय ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना तो पाठीवर घ्या.

सामानात दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, षटकोनी पान्यांचा संच आणि साखळीची जोडकडी हवी. पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. शांत रस्त्यावर दुकानं विरळ असतात, म्हणून पाणी भरायच्या जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा.

आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाईल फोनमध्ये उतरवा, त्या भागाचा नकाशाही ऑफलाइन घ्या आणि पडदा बंद ठेवून आवाजी सूचना ऐका. सतत उजळलेला पडदा बॅटरी झपाट्याने संपवतो. मोठी वळणं कागदावर लिहून खिशात ठेवा.

शेवटचं काम सुटकेच्या वाटांचं. दर १५ ते २० किलोमीटरवर एक जागा ठरवा, जिथून रेल्वे, बस किंवा गाडी मिळेल किंवा घराकडे आखूड रस्ता फुटेल. इंग्रजी आठच्या आकाराचा मार्ग यासाठी उत्तम, कारण अर्ध्यावर तो सुरुवातीच्या जागेजवळूनच जातो. या जागांची यादी आणि परतायची वेळ घरच्या कुणाकडे तरी देऊन निघा.